घर चार फुटांवर कापलं की काय दिसतं?

उन्हाळा संपत आला होता. आर्वीकडच्या एका खेड्यातले काकाजी माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, एक कूलर आणि दोन कॉम्प्युटर. काकाजींनी टोपी मांडीवर ठेवली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. पोरानं शहरातल्या एका ऑफिसातून घराचा प्लॅन काढून घेतला होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. जुन्या कवेलूच्या घराचा अर्धा भाग ठेवायचा, अर्धा पाडून विटा-स्लॅबचा करायचा, मागचा कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, तसाच.

"न्हाणीचं रोशनदान कुठी गेलं जी?" काकाजी म्हणाले. "म्या पोराले दहादा सांगतलं होतं. अन् हा जिना पाहा, अर्ध्यातच तुटला. वर चढाचं का उडून जाचं? कोठ्याच्या खिडक्या तं एकबी नाई."

मी पोराकडून मूळ फाईल मागवली. उघडून पाहिली तर रोशनदान, म्हणजे भिंतीत वरच्या बाजूला ठेवलेला झरोका, जागच्या जागी होतं. जिना पुरा अठरा पायऱ्यांचा होता. कोठ्याच्या खिडक्याही होत्या, गाई-म्हशींची गव्हाणसुद्धा होती. घरात सगळं होतं, कागदावर नव्हतं.

असे मोबाईल घेऊन येणारे आता आठवड्याला दोन-तीन तरी असतात. म्हणून म्हटलं, घरात असलेली गोष्ट प्लॅनवर का दिसत नाही ते एकदा नीट लिहूनच काढावं.

## ड्रोनचा नकाशा वेगळा, घराचा प्लॅन वेगळा

गेल्या काही वर्षांत गावात दोन जातींचे नकाशे आले आणि लोक दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहतात. पहिला ड्रोनचा. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. लोकांनी चुन्याची फक्की टाकून आपापल्या हद्दी आखल्या, गावठाणावरून ड्रोन फिरला आणि मग प्रॉपर्टी कार्डं हातात पडायला लागली.

ड्रोन घर कावळ्याच्या नजरेनं पाहतो. त्याला कवेलू दिसतात, टिनं दिसतात, पाण्याची टाकी दिसते, स्लॅबवर वाळत घातलेल्या कुरड्या दिसतात. छपराखाली किती खोल्या आहेत ते त्याला कळत नाही. एवढंच काय, भिंत नेमकी कुठे आहे तेही वरून थेट दिसत नाही, कारण वळचण भिंतीच्या दीड-दोन हात पुढे आलेली असते.

दुसरा नकाशा म्हणजे घराचा प्लॅन. याला छपराखालचंच दाखवायचं असतं. खोल्या, दारं, चूल कुठे, मोरी कुठे. त्यासाठी आधी छप्पर उचलून बाजूला ठेवावं लागतं. आता छप्पर उचलायचं म्हणजे नेमकं कुठून उचलायचं, इथून सगळा गोंधळ सुरू होतो.

## छातीएवढं बांधकाम

बांधकाम चालू असलेल्या घराची आठवण काढा. जोतं भरून झालं, भिंती छातीपर्यंत आल्या, आणि पावसानं किंवा पैशानं काम थांबलं. अशा वेळी बाजूच्या मचाणावर उभं राहून खाली पाहिलं की काय दिसतं? भिंतींची वरची तोंडं दिसतात, नऊ इंची कोणती आणि साडेचार इंची कोणती ते कळतं. दाराच्या जागी फट दिसते. खिडकीच्या जागी भिंत थोडी खाली बसलेली असते. खाली फरशी, कोपऱ्यात रचलेल्या विटा, कोणीतरी विसरलेलं घमेलं.

हाच प्लॅन. पडलेल्या जुन्या वाड्यातही हेच दिसतं. छप्पर गेलेलं, भिंती कमरे-छातीएवढ्या उरलेल्या, आणि गावातला म्हातारा काठीनं दाखवतो, इथे माजघर होतं, इथे बळद होतं.

म्हणजे प्लॅन हे घराचं वरून काढलेलं चित्र नाही. घर आडवं कापून, वरचा भाग दूर करून, उरलेल्या भागाकडे खाली पाहिलं की जे दिसतं ते चित्र म्हणजे प्लॅन. ज्या उंचीवर कापायचं त्या काल्पनिक आडव्या पात्याला आमच्या धंद्यात 'कट प्लेन' म्हणतात. मराठीत 'छेद' म्हणू आणि पुढे तोच शब्द वापरू.

## चारच फूट का?

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा छेद आधीच ठरवून दिलेला असतो. रेव्हिट नावाचं सॉफ्टवेअर या कामात फार चालतं. त्यात फूट-इंचाच्या फाईलमध्ये छेद फरशीपासून ४ फुटांवर असतो आणि मिलिमीटरच्या फाईलमध्ये १२०० मिलिमीटरवर. दोन्ही जवळजवळ एकच.

चार फूट हा आकडा कोणी पंचांग पाहून काढलेला नाही. आपल्याकडे साध्या खिडकीची खालची पातळी तीन फुटांवर असते आणि वरचं लिंटल सात फुटांवर. चार फुटांवर कापलं की पातं नेमकं खिडकीतून जातं, दारातूनही जातं. स्वयंपाकाचा ओटा पावणेतीन फुटांचा, खाट दीड फुटाची, देवाचा पाट वीतभर. हे सगळं पात्याच्या खाली राहतं, म्हणून वरून दिसतं. म्हणजे रोजच्या घरात ज्या गोष्टी कापल्या जायला हव्यात त्या कापल्या जातात आणि ज्या खाली दिसायला हव्यात त्या दिसतात.

आता काकाजींच्या जिन्याकडे वळू. दहा फूट चढायला अठरा पायऱ्या, म्हणजे पायरी साडेसहा इंचांहून थोडी जास्त. चार फुटांपर्यंत साधारण सात पायऱ्या होतात. तिथे पातं लागतं आणि जिना कापला जातो. कापलेली जागा तिरप्या नागमोडी रेघेनं दाखवायची रीत आहे. पुढच्या पायऱ्या तुटक रेघांत दाखवतात, कोणी दाखवतच नाहीत. जिना तुटलेला नाही. तो वर चाललाय आणि आपण मधूनच त्याच्याकडे पाहतोय.

आणि न्हाणीचं रोशनदान सहा फुटांवर सुरू होतं. पातं त्याच्या दोन फूट खालून गेलं. त्या उंचीवर तिथे नुसती भिंतच होती, म्हणून कागदावरही नुसती भिंतच आली.

पंखे, बीम, छज्जा, सामानाचा माळा यांचंही तसंच. सगळे छेदाच्या वर. ज्यांची जागा खाली कळणं गरजेचं असतं, म्हणजे माळा किंवा वळचण, त्या तुटक रेघेनं दाखवतात. प्लॅनवर खोलीच्या मधोमध तुटक रेघ दिसली तर ती जमिनीवर शोधू नका, मान वर करा. पंख्याच्या हुकांसाठी तर वेगळाच नकाशा असतो, छताचा. जमिनीवर मोठा आरसा ठेवून त्यात छत पाहिलं तर जसं दिसेल तसा.

## पूर्वी रेघ काढायचो, आता घर बांधतो

मी धंद्यात आलो तेव्हा ऑटोकॅडवर काम चालायचं. १९८२ साली आलेलं ते सॉफ्टवेअर म्हणजे थोडक्यात कॉम्प्युटरमधला ड्रॉइंग बोर्ड. त्यात रेघा असतात. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत, हे मला आणि तुम्हाला माहीत. कॉम्प्युटरला त्याचं काही नाही. काय दाखवायचं आणि काय नाही, हे 'लेअर'नं ठरायचं. एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर डोळ्यापुढे आणा. एकावर भिंती, एकावर दारं, एकावर लाईटचे पॉइंट. नको तो कागद काढून घ्यायचा. रोशनदान दाखवायचं असेल तर रेघ मारायची, विषय संपला. उंचीचा प्रश्नच नव्हता, कारण उंचीच नव्हती.

नंतर आलं बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. यात रेघा काढत नाहीत, कॉम्प्युटरच्या आत आख्खं घर बांधतात. भिंतीला उंची असते, खिडकीला पातळी असते, छपराला उतार असतो. रेव्हिट २००० साली आलं आणि २००२ मध्ये ऑटोकॅडच्याच कंपनीनं, ऑटोडेस्कनं, ते विकत घेतलं. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टचं आर्किकॅडही याच जातीचं. फुकटातलं हवं असेल तर फ्रीकॅड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीत बिमचं काम आतच दिलं आहे.

फरक समजायला सोपी खूण सांगतो. जुन्या पद्धतीत प्लॅन हीच वस्तू होती. नव्या पद्धतीत वस्तू म्हणजे घर, आणि प्लॅन म्हणजे त्या घराकडे पाहायची एक खिडकी. या खिडकीला 'व्ह्यू' म्हणतात. एकाच घराचे पन्नास व्ह्यू असू शकतात आणि प्रत्येकाची नजर वेगळी. म्हणून "प्लॅनमध्ये हे का नाही?" या प्रश्नाचा अर्थ आता "ड्राफ्ट्समन काढायला विसरला का?" असा राहिला नाही. आता विचारायचं असतं की या खिडकीतून ते दिसतं का, आणि दिसत नसेल तर कोणी झाकलं.

## विहिरीवरची बॅटरी

खिडकीची नजर कुठून कुठपर्यंत जाते, त्याला 'व्ह्यू रेंज' म्हणतात. मी पोरांना शिकवताना विहीर सांगतो. रात्री विहिरीच्या काठावर उभं राहून बॅटरी मारली की उजेड कुठवर पोचेल तेवढंच दिसतं. पाणी त्याच्या खाली असेल तर विहीर कोरडी वाटते.

या पल्ल्याला चार पातळ्या असतात. सगळ्यात वर एक हद्द, तिच्या खाली छेद, मग तळ, आणि तळाच्याही खाली आणखी किती डोकावायचं ती खोली. मिलिमीटरच्या फाईलमध्ये साधारण असं येतं: वरची हद्द २३००, छेद १२००, तळ ०, खोली ०. शून्य म्हणजे त्या मजल्याची फरशी. पात्यात जे सापडलं ते जाड रेघेत येतं, पात्याच्या खालचं पातळ रेघेत.

नियम इतकेच असते तर बरं झालं असतं. पण सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी मधे-मधे सवलती दिल्या आहेत आणि नव्या पोरांची झोप त्याच उडवतात. रेव्हिटमध्ये ६ फुटांपेक्षा बुटकी भिंत असेल तर पातं तिच्यातून गेलं तरी ती कापली जात नाही, वरून पाहिल्यासारखी पातळ रेघेत येते. सपरीतली, म्हणजे पुढच्या पडवीतली, पाच फुटी पडदी म्हणूनच कागदावर फिकी दिसते आणि मिस्त्रीला वाटतं ही नंतर बांधायची आहे. फरशी, जिने आणि उतार तळाच्या ४ फूट खालपर्यंत, खोली शून्य असली तरी, दाखवले जातात. स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली कपाटं छेदाच्या वर असूनही दिसतात. या सवलतींमागे विचार आहे, पण तो कोणी आधी सांगत नाही. दोन-चार वेळा फजिती झाली की आपोआप पाठ होतात.

## कोठा का गायब झाला

विदर्भातल्या जुन्या घराला एकच फरशी नसते. घर जोत्यावर, अंगण खाली, कोठा अंगणाच्या पातळीला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आषाढात पाणी अंगणात साचतं, म्हणून जोतं उंच घ्यायची आपली जुनी सवय. काकाजींचं जोतं अडीच फूट होतं. आता हिशेब करा.

छेद घराच्या फरशीपासून चार फुटांवर. कोठ्याची जमीन घराच्या फरशीच्या अडीच फूट खाली. म्हणजे कोठ्याच्या आतून पाहिलं तर पातं साडेसहा फुटांवरून जातंय. कोठ्याच्या खिडक्या म्हणजे जनावरांना वारा लागावा म्हणून ठेवलेली भोकं, साडेतीन ते साडेपाच फुटांच्या मधली. सगळी पात्याच्या खाली राहिली. साडेसहा फुटांवर कोठ्याला नुसती भरीव भिंत आहे, आणि कागदावर तेच आलं, चार भरीव भिंती. दार सात फुटी होतं म्हणून तेवढं वाचलं.

गव्हाण का दिसली नाही? ती दोन फूट उंच. तिचं वरचं काठ घराच्या फरशीच्याही अर्धा फूट खाली. पल्ल्याचा तळ घराच्या फरशीवर, खोली शून्य. बॅटरीचा उजेड घराच्या फरशीवरच थांबला. कोठ्याची जमीन फरशी असल्यामुळे चार फुटांच्या सवलतीत आली आणि दिसली. गव्हाण फरशी नाही, तिला सवलत नाही. शहरातल्या ऑफिसचा यात फार दोष आहे असंही मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर फ्लॅट काढले. फ्लॅटमध्ये सगळ्या खोल्या एकाच पातळीत असतात, फार तर बाथरूम इंचभर खाली.

रोशनदान दिसावं म्हणून पहिल्यांदा कोणालाही जे सुचतं तेच मी केलं. छेद उचलून पावणेसात फुटांवर नेला. रोशनदान दिसलं. पण सपरीचे सगळे खांब नाहीसे झाले! सपरीवर कवेलूचा उतार, आणि वळचणीपाशी तो फरशीपासून सहा फुटांवर आलेला. पातं त्याच्या वर गेलं, त्यामुळे छपराचा खालचा पट्टा पात्याखाली आला आणि वरून पाहताना त्यानं खांब, पायऱ्या, बसायचा ओटा सगळं झाकून टाकलं. जिनाही एकदम बारा पायऱ्यांपर्यंत वाढला. एक रोशनदान दाखवायला गेलो आणि आख्खी सपरी गमावली.

यावर उपाय म्हणजे सगळ्या घराला एकच पातं लावायचं नाही. रेव्हिटमध्ये 'प्लॅन रीजन' म्हणून एक सोय आहे. कागदावर चौकोन आखायचा आणि सांगायचं, एवढ्या चौकोनापुरता छेद वेगळा. मी न्हाणीभोवती छोटा चौकोन आखला, तिथे छेद पावणेसात फुटांवर. कोठ्याभोवती दुसरा, तिथे छेद घराच्या फरशीपासून दीड फुटावर, म्हणजे कोठ्याच्या जमिनीपासून चार फूट. तळ आणि खोली अडीच फूट खाली नेली. बाकी घर होतं तसं. पंधरा मिनिटांचं काम. शोधायला मात्र एक दुपार गेली, कूलरमधलं पाणीही संपलं.

## गाळण्या

पल्ल्यात आलेली प्रत्येक गोष्ट दाखवलीच पाहिजे असं नाही. पुढे गाळण्या लागतात.

पहिली गाळणी प्रकाराची. भिंती, दारं, फर्निचर, नळाचं सामान, लाईट, मापं असे सगळे प्रकार एका यादीत असतात आणि प्रत्येकापुढे खूण असते. खूण काढली की तो प्रकार त्या व्ह्यूमधून जातो. सेंट्रिंगवाल्याला कॉलम आणि बीम हवेत, त्याला पलंगाशी देणंघेणं नाही. लाईटवाल्याला भिंती फिक्या चालतात. घरच्यांना मात्र पलंग बसतो की नाही, फ्रिजचं दार उघडतं की नाही, हेच पाहायचं असतं.

हे प्रत्येक कागदाला हातानं करत बसलं तर चूक ठरलेली. म्हणून एकदा बसवलेली घडी 'टेम्पलेट' म्हणून जपून ठेवतात. रांगोळीचा छाप असतो ना, भोकं पाडलेला, तसंच हे. कितीही घरांपुढे ठेवा आणि रांगोळी ओता, नक्षी तीच. गंमत अशी की छाप लावलेला असताना हातानं एखादा ठिपका बदलायला गेलं तर बदलत नाही, कारण बहुतेक बटणं करडी होऊन बसलेली असतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोरानं यावरून कॉम्प्युटर बिघडला असं समजून तो दोनदा बंद-चालू केला होता.

दुसरी गाळणी काळाची, आणि जुन्या घराला नवं जोडताना मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक भिंतीला सांगता येतं की तू आधीपासूनची, तू पाडायची, तू नवी. मग एका कागदावर आजचं घर निघतं, दुसऱ्यावर पाडायच्या भिंती तुटक रेघांत, तिसऱ्यावर नवं घर. काकाजींच्या फाईलमध्ये पूर्वेची मातीची भिंत 'पाडायची' म्हणून लागली होती. ती भिंत त्यांची एकट्याची नव्हती, चुलतभावाच्या घराशी सामायिक होती. ती पाडली असती तर नकाशाचं काम माझ्याकडे राहिलं नसतं, वकिलाकडे गेलं असतं.

## "मग सगळंच दाखवा ना!"

हे दर दुसरा माणूस म्हणतो. एकदा खरंच करून पाहावं. भिंती, प्लास्टरचे थर, टाईल्स, पाईप, वायर, बीम, पाया, पलंग, मापं, सगळ्या खुणा चालू करा आणि एका पानावर प्रिंट मारा. जे निघेल ते पाहून मिस्त्री आपल्याकडे पाहील. कागद काळा होतो आणि त्यात न्हाणीचं दारही सापडत नाही.

खरी शंका याच्या मागे असते: लपवलं म्हणजे फसवलं का? याला सरसकट नाही म्हणता येणार नाही. ज्या बटणानं पलंग लपतो त्याच बटणानं खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर आलेला कॉलमही लपतो. पाच फुटांची खाट चार फुटांची काढली तर खोली मोठी दिसते. म्हणून शहरात फ्लॅट घेत असाल तर जाहिरातीतल्या रंगीत प्लॅनवर विसंबू नका, कॉलम आणि मापं दाखवणारा कागद मागा. गावातल्या घरात मात्र बहुतेक वेळा कोणी मुद्दाम लपवलेलं नसतं. सॉफ्टवेअरनं आधीच ठरवून दिलेले आकडे कोणी तपासलेले नसतात, एवढंच.

## लपवणं आणि पुसणं

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण ती चूक माझीच होती. ऑटोकॅडवरून नवा नवा रेव्हिटवर आलो होतो. लाईटचा प्लॅन काढताना स्वयंपाकाचा ओटा मधे मधे येत होता. जुनी सवय, निवडला आणि डिलीट मारलं. लाईटचा प्लॅन छान साफ झाला. आठ दिवसांनी सामानाचा तक्ता काढला तर त्यात ओट्याचा ग्रॅनाईटच नाही. मी एका कागदावरून ओटा पुसला नव्हता, घरातूनच ओटा पाडला होता. तो सगळ्या कागदांवरून एकदम गेला आणि खर्चाच्या हिशेबातूनही गेला. घरमालकाला फरकाची रक्कम सांगताना माझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

लपवलेली वस्तू घरात असते आणि हिशेबातही असते. पुसलेली कुठेच नसते. म्हणून एखादी गोष्ट दिसेना झाली तर नवी काढायच्या आधी जुनी लपलेली आहे का ते पाहायचं. रेव्हिटमध्ये खाली बल्बचं चित्र आहे. ते दाबलं की त्या व्ह्यूमध्ये लपवलेलं सगळं जांभळट लाल रंगात उजळून येतं. शेजारी चष्म्याचं चित्र आहे, ते तात्पुरतं लपवायला. चष्म्यानं लपवलं असेल तर भोवती निळसर चौकट येते आणि फाईल बंद करून उघडली की सगळं परत दिसतं. पण वस्तू पल्ल्याच्याच बाहेर असेल तर बल्बही कामाचा नाही. विहिरीच्या तळाला पडलेली बादली शोधायला काठावरचा दिवा किती पुरणार.

## "आमच्या दोन खोल्यांना एवढं कशाला?"

रास्त प्रश्न आहे आणि माझ्या पोटावर पाय येत असला तरी उत्तर प्रामाणिकपणे देतो: बहुतेकांना नाही लागत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला कमीत कमी २५ चौरस मीटर जागा ठरलेली आहे, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. सपाट भागात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या घराला चांगल्या मिस्त्रीनं वहीच्या पानावर काढलेला नकाशा पुरतो. मिस्त्री दोरी आणि ओळंबा घेऊन जे उभं करतो त्याला कॉम्प्युटरची परवानगी लागत नाही.

जिथे जुनं-नवं एकत्र आहे, पातळ्या वेगवेगळ्या आहेत, भिंत भावकीत सामायिक आहे, किंवा घर बांधणारा गावात आणि पैसे पाठवणारा पुण्यात आहे, तिथे मात्र हा खर्च भरून निघतो. असा प्लॅन मोबाईलवर आला तर छेद किती फुटांवर घेतलाय ते बेधडक विचारा. पातळ्या वेगळ्या असतील तर प्रत्येक पातळीसाठी वेगळा विचारा. आणि रोशनदानं, जाळ्या, एक्झॉस्टची भोकं प्लॅनमध्ये शोधत बसण्यापेक्षा दार-खिडक्यांचा तक्ता आणि बाहेरून दिसणाऱ्या भिंतींचे नकाशे मागा. तक्त्यात आकडा जुळला की वस्तू घरात आहे.

काकाजींना नवीन प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडात धरला. रोशनदानावर बोट ठेवलं, कोठ्याची भोकं मोजली, गव्हाणीवर येऊन थांबले. जिन्यावर नागमोडी रेघ तशीच होती. ती ठेवावीच लागते, असं सांगितल्यावर "राहू द्या मंग" म्हणाले. मग त्यांचं बोट समोरच्या खोलीत गेलं.

"हे काय होय?"

सोफा होता. तीन माणसांचा, एल आकाराचा, सॉफ्टवेअरबरोबर आयता येणारा. आतल्या खोलीत सहा बाय साडेसहाचा डबल बेड.

"आमच्याकडं कोण बसते यावर? माही बाज सपरीत राह्यते. थे दाखवा."

सोफा काढला. खरोखरच काढला, लपवला नाही. सपरीत उत्तरेच्या भिंतीला लागून सहा बाय तीनची बाज ठेवली. दीड फूट उंचीची आहे, छेदाच्या खाली येते, त्यामुळे दिसते. काकाजींनी ती भिंतीपासून हातभर सरकवायला लावली, मागे कूलरच्या पाण्याचा पाईप जातो म्हणून.